न झालेल्या रोगातून नाव कमी करणेबाबत

दिनांक : २२ मे १९९५

प्रति,
मा. निरीक्षण अधिकारी,
त्वचारोग नोंदणी कक्ष,
सिल्वासा, दादरा व नगर हवेली.

अर्जदार : चिंधा झुंबर अहिरे, वय ४४, पूर्वी कारखाना कामगार, राहणार खडोली, खडीच्या खाणीजवळ.

विषय : कक्षाच्या कुष्ठरोग नोंदवहीतील नोंद क्रमांक ११७ रद्द होऊन, सदर रोग अर्जदारास कधीही झाला नव्हता असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची नकाराची चार पत्रे. पहिले ऑक्टोबर १९९१चे, शेवटचे फेब्रुवारी १९९५चे.

महोदय,

१. अर्जदारास लिहिता येत नाही. त्याने सांगितले ते खाली सही करणारीने कागदावर उतरवले आहे, म्हणून सर्व मजकुरात त्याचा उल्लेख ‘अर्जदार’ असा आहे. भाषा कार्यालयास शोभेल अशी ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. जिथे ती सुटली असेल, तिथे सांगणारा समोर बसलेला होता, एवढे ध्यानात घेऊन क्षमा करावी.

२. अर्जदार मूळचा धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचा. सन १९८४मध्ये गावचाच कारभारी नावाचा सोबती त्याला खडोलीस घेऊन आला आणि दोघेही पितळी तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात घिसाई खात्यात लागले. काम असे, की फिरत्या दगडावर तोटी धरायची, तिची धार मारायची, मग तिला झळाळी आणायची. तोटी दोन्ही हातांनी आवळून धरावी लागते आणि दगडाची थरथर बोटांतून कोपरापर्यंत चढते. सुटी झाल्यावरही तासभर ती अंगातून जात नसे. चहाची कपबशी हातात घेतली की वाजू लागे आणि दोघे एकमेकांच्या कपबशीला हसत. अर्जदाराच्या हातची तोटी कधी परत आली नाही. नवा माणूस आला की सुपरवायझर त्याला अर्जदाराशेजारी उभा करी. ही गोष्ट अर्जात असावीच, असा अर्जदाराचा आग्रह आहे.

३. सन १९८९मध्ये त्याच्या उजव्या तळहातात, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, एक गाठ आली. दुखत नव्हती. त्याला ती घट्टा वाटली आणि त्याने ती दगडावर घासूनही पाहिली. वर्षभरात गाठीपासून बोटापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी शीर उभी राहिली आणि ते बोट आत वळू लागले, मग करंगळी. पुढे डाव्या हातालाही तेच. तोंड धुताना वाकडे बोट डोळ्यात जाई. खिशात हात घातला तर अडके. नमस्कार करायचा तर तळवे एकमेकांना टेकत नसत. तोटी मात्र पूर्वीइतकीच धरता येत होती, किंबहुना जास्त घट्ट, कारण बोटे आधीच मिटलेली होती. म्हणून त्याने कोणास काही सांगितले नाही.

४. सन १९९१च्या फेब्रुवारीत आपल्या कक्षाचे तपासणी पथक कारखान्याच्या गेटवर आले. कामगारांना रांगेत उभे करून हात पुढे करायला लावले. अर्जदाराचा हात उघडेना. पथकातील कर्मचाऱ्याने त्याला डोळे मिटायला सांगून तळहातावर पिसाचे टोक फिरवले आणि कळते का विचारले. सात वर्षे पितळ धरलेल्या तळहाताला पीस कळत नाही. कारभारीलाही कळले नाही, पण त्याची बोटे त्या वेळी सरळ होती. अर्जदार म्हणाला, नाही कळत. अंगावर चट्टा आहे का, हे कोणी पाहिले नाही. त्याचा सदरा काढलाच नाही. नाव, गाव विचारले आणि पथक पुढच्या माणसाकडे गेले. पीस कशासाठी होते, हे त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवले तेव्हा समजले.

५. त्यानंतर काय काय झाले, ते थोडक्यात असे. कारखान्याने पास काढून घेतला. तो तेव्हा राहत होता त्या गलोंड्याच्या चाळीत त्याच्या बिऱ्हाडाने सार्वजनिक नळावर सगळ्यांच्या शेवटी यावे असे ठरले आणि महिन्याने खोलीच सोडावी असे ठरले. तेव्हापासून बिऱ्हाड खडोलीच्या खाणीजवळ झोपडीत आहे आणि अर्जदार खडी फोडू लागला. अर्जदाराची पत्नी चिमाबाई कामगारांच्या खाणावळीत भाकऱ्या थापत असे. तिला घरी बसवले. चाळीतल्या बायकांनी तिला दारात गाठून विचारले, की तू त्याच्याशेजारी अजून निजतेस कशी. त्यावर ती जे बोलली ते तिच्याच भाषेत देत आहे: “हाऊ हात मी वीस वरीस धरेल शे. माले काय व्हयनं?” म्हणजे, हा हात मी वीस वर्षे धरलेला आहे, मला काय झाले? कार्यालयाच्या भाषेत यास निकट संपर्काचा पुरावा म्हणता येईल. आपल्या कक्षाने तिची तपासणी तीनदा केली आहे. तिला काही आढळलेले नाही.

धाकटी मुलगी गुड्डी तेव्हा तिसरीत होती. वर्गशिक्षिकेने तिला पहिल्या रांगेतून उठवून दाराजवळ वेगळ्या गोणपाटावर बसवले. गुड्डी पाच महिने तिथे बसली. ती शिक्षिका म्हणजेच हा अर्ज लिहून देणारी. तिने त्या वेळी कोणाला विचारले नाही, काही वाचले नाही. नोंदवहीत नाव आहे एवढे ऐकले आणि ते तिला पुरले.

६. थोरली मुलगी कावेरी, वय तेव्हा सतरा. तिचे लग्न नवापूरकडे ठरलेले होते. पथकातील कर्मचारी घरच्यांना समजावताना म्हणाला होता, की या रोगात पहिल्यांदा चटका कळेनासा होतो. कावेरीने ते मनात धरले. रोज सकाळी चूल पेटली की ती जळती काटकी बोटाला लावून पाही. लागले, भाजले, की तिचा जीव भांड्यात पडे आणि ती कामाला लागे. चिमाबाईला वाटे, पोरीचे लक्ष नाही म्हणून भाजते. दीड महिन्याने मुलाकडची माणसे आली आणि त्यांनी कावेरीला हात दाखवायला सांगितले. दहाही बोटांवर काळे डाग आणि फोड होते. ती माणसे पाणीही न घेता उठली. अर्जदाराने त्या दिवशी मुलीला विचारले तेव्हा तिने सगळे सांगितले. अर्जदार त्यावर काय बोलला, हे त्याने लिहू दिलेले नाही. कावेरी आता मावशीकडे असते. बापाने तिथे येऊ नये, या अटीवर मावशीने तिला ठेवले आहे.

७. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयातील हातांच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टर विजया खडोलीस आल्या. रुग्णालयाचे नाव जोडलेल्या कागदांवर आहे. थरथरणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या तळहातांवर त्या संशोधन करीत होत्या. कारखान्यांत जाऊन कामगारांना टेबलावर पंजा उपडा ठेवायला सांगत. ज्याचा पंजा टेबलाला सपाट टेकत नाही, त्याला बाजूला घेत. चारशे बारा जणांचे हात त्यांनी पाहिले, मोजले, छायाचित्रे घेतली. हातांची डॉक्टर आली आहे असे कारभारीने कळवले आणि अर्जदार गेटबाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला. आत त्याला सोडत नव्हते.

डॉक्टर बाहेर आल्या. अर्जदाराने आधीच सांगून टाकले, की बाई, माझे नाव नोंदवहीत आहे, हात लावू नका. त्यांनी त्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला. चिमाबाई सोडून सात महिन्यांत कोणी तो धरला नव्हता. त्यांनी वाकडे बोट सरळ करायचा प्रयत्न केला. होईना. मग त्या म्हणाल्या, त्या रोगात बोट स्वतःला सरळ करता येत नाही, पण दुसऱ्याला बहुधा करता येते, कारण तिथे नस मेलेली असते. तुझी नस जिवंत आहे. तुझ्या तळहाताच्या कातडीखालचा पडदा घट्ट होऊन त्याची दोरी झाली आहे आणि ती बोटाला ओढते. याला ड्युपिट्रेनचा आजार म्हणतात. तो कोणाचा कोणाला लागत नाही.

त्यांनी चपला काढायला लावल्या. दोन्ही तळपायांत मध्यभागी तशाच गाठी सापडल्या. बोटांच्या मागच्या पेरांवर जाड कातडीच्या उशा होत्या, त्याही त्यांनी दाखवल्या. ही सगळी या आजाराची भावंडे आहेत, असे त्यांनी सांगितले. अंगभर तपासून एकही चट्टा नाही, कोपराची नस जाड नाही, असे लिहिले. मग कारणांचे प्रश्न विचारले. साखरेचा आजार? नाही. दारू? सणावारी. घरात कोणाला? नाही. फेफऱ्याची, आकडीची गोळी कधी घेतली? अर्जदार म्हणाला, नाही.

या ‘नाही’बद्दल अर्जाच्या शेवटी लिहिले आहे.

८. डॉक्टरांचे पत्र घेऊन अर्जदार आपल्या कक्षात आला. तेथील लेखनिक मधुकर यांनी ते नीट वाचले, अर्जदारास बाकावर बसवले, पाणी दिले. त्यांच्याविषयी अर्जदाराची काही तक्रार नाही. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. नाव आत घेण्यासाठी एक रकाना आहे. बाहेर काढण्यासाठी तीन आहेत: रोगमुक्त, स्थलांतरित, मयत. रोग नव्हताच, यासाठी रकाना नाही. मधुकर म्हणाले, रकाना वरून छापून येतो, मी कुठून आणू? शिवाय हे पत्र म्हणजे एका डॉक्टरचे मत आहे, तपासणी नव्हे. मग त्यांनी आवाज खाली आणून अर्जदाराच्या भल्यासाठी सल्ला दिला, की चोवीस महिने औषध घेऊन टाक. पुरे झाले की रोगमुक्तच्या रकान्यात नाव जाते. वाद नाही, काही नाही.

अर्जदाराने आठ दिवस विचार केला. डॉक्टर विजयांनी पत्राने कळवले, की असे अजिबात करू नकोस. पण डॉक्टर मुंबईला होत्या आणि ज्या नळावरून उठवले तो गलोंड्याला होता. त्याने औषध सुरू केले.

९. त्या औषधाने लघवी लाल होते, तशी झाली. रक्त कमी झाले. खडी फोडायला जाई, तर चार घाव घालून बसावे लागे. आणि कातडी काळी पडू लागली. अर्जदार मुळात गव्हाळ वर्णाचा. पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचे तोंड, मान, हात तव्याच्या बुडासारखे झाले. औषधाने असे होते, बंद केल्यावर उतरते, हे आपल्या कर्मचाऱ्यांस ठाऊक होते. रस्त्यावरच्या माणसांस ठाऊक नव्हते. ज्यांना तोवर थोडी शंका होती, त्यांचीही फिटली. जो रोग नव्हता तो औषधाने त्याच्या तोंडावर आणून बसवला, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. चोवीस महिन्यांत त्याने एकही पाकीट चुकवले नाही. आपल्या कक्षाने एका बैठकीत नियमित रुग्ण म्हणून त्याचा नारळ देऊन गौरव केला.

सन १९९३च्या ऑक्टोबरात दाखला मिळाला. त्यावर लिहिले आहे: ‘कुष्ठरोगातून मुक्त. हातांची विकृती कायम.’ अर्जदार तो घेऊन कारखान्यात गेला. सुपरवायझरने वाचून परत दिला आणि म्हणाला, म्हणजे होता ना? तो दाखला त्याने पुन्हा कोणासही दाखवला नाही. नसता तर लोक तोंडी बोलत. आता सही-शिक्क्यानिशी होते.

१०. डॉक्टर विजयांनी तरीही सोडले नाही. मत नको, तपासणी हवी ना, म्हणून सन १९९४च्या जानेवारीत त्यांनी त्याला मुंबईस नेऊन डाव्या हाताची शस्त्रक्रिया केली. ओढणारी दोरी कापून काढली आणि तुकडा तपासायला दिला. अहवाल आला: कुष्ठाचे जंतू नाहीत, नसांना इजा नाही, तळहाताच्या पडद्याचे तंतू वाढलेले. डावा हात उघडला. अर्जदार सांगतो, त्याने चिमाबाईच्या गालावर तीन-चार वर्षांनी पुरता पंजा ठेवला.

आपल्या कक्षाचे उत्तर आले, की अहवाल डाव्या हाताचा आहे आणि नोंद क्रमांक ११७ उजव्या हाताची आहे.

तेव्हा ऑगस्टात उजव्या हाताचीही शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले होते, की जखम रोज धुऊन पट्टी बदलावी. अर्जदार सिल्वासास परत आला आणि पट्टीसाठी जवळच्या दवाखान्यात गेला. तिथे नाव विचारले, यादी पाहिली आणि सांगितले, की तुमची पट्टी कक्षातच होणार. कक्षात सांगितले, की पट्टीचा वार गुरुवार. तो शुक्रवार होता. चिमाबाईने घरी उकळलेल्या पाण्याने धुतले. पावसाचे दिवस, झोपडी गळती, खाणीची धूळ चिखल होऊन आत आलेली. सोमवारी हात सुजला, मंगळवारी वास येऊ लागला. कारभारी कामावर खाडा करून त्याला मुंबईस घेऊन निघाला आणि बुधवारी ते पोहोचले. हात वाचला. करंगळीशेजारचे बोट काढावे लागले. डॉक्टर विजया त्याच्याजवळ आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि त्या दिवसाची पट्टी त्यांनी स्वतः बदलली. कक्षाच्या पट्टीचा वार दुसऱ्या दिवशी होता.

आता अर्जदार रस्त्याने चालतो, तेव्हा लोक आधी त्याची बोटे मोजतात.

११. उजव्या हाताच्या तुकड्याचा अहवालही डाव्यासारखाच आला. तो डिसेंबरात सादर केला. कक्षाने कळवले, की रुग्णाने चोवीस महिने औषध घेतलेले असल्याने जंतू न सापडणे स्वाभाविक आहे. सदर अहवालाने औषधाचा गुण सिद्ध होतो, रोगाचा अभाव नव्हे. महोदय, हे पत्र अर्जदारास वाचून दाखवले तेव्हा तो हसला. हसू थांबेना, म्हणून गुड्डीला बाहेर पाठवावे लागले.

मध्यंतरी डॉक्टर विजयांचा संशोधन-निबंध छापून आला. चारशे बारापैकी नऊ जणांस हा आजार आढळला आणि ते नऊही जण घिसाईचे, असे त्यात आहे. सहावा रुग्ण म्हणजे अर्जदार. सन १९९१चे त्याच्या उजव्या हाताचे छायाचित्र आहे आणि खाली स्पष्ट लिहिले आहे, की यास चुकीने कुष्ठरोगी ठरवण्यात आले. जगात ही गोष्ट छापलेली अशी एवढी एकच जागा आहे आणि तिथे त्याचे नाव नाही. रुग्णाचे नाव छापायचे नसते. निबंध सादर केल्यावर कक्षाचे उत्तर आले, की छायाचित्रातील हात अर्जदाराचाच असल्याचे सिद्ध होत नाही. त्या हाताला पाच बोटे असून अर्जदाराच्या हाताला चार आहेत.

१२. आता त्या ‘नाही’विषयी.

अर्जदारास वयाच्या चौदाव्या वर्षापासून फेफरे येत असे. एकदा विहिरीच्या काठावर झटका आला आणि बाप झुंबर याने पाय धरला म्हणून तो वाचला. सन १९६८पासून धुळ्याच्या डॉक्टरांनी दिलेली फिनोबार्बिटोनची गोळी तो रोज जेवणानंतर घेतो. त्यानंतर त्यास एकदाही झटका आला नाही. कारखान्यात हे सांगितले असते, तर फिरत्या दगडासमोर त्याला कोणी उभे केले नसते. म्हणून त्याने सांगितले नाही. गोळ्या तंबाखूच्या डबीत ठेवी. खडोलीस आल्यापासून चिमाबाईखेरीज कोणास माहीत नव्हते. पासही गेला, तरी लिंबाखाली डॉक्टरांनी विचारले तेव्हा तो नाहीच म्हणाला, कारण उद्या पास परत मिळेल अशी आशा होती.

वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्यांत तळहात असा आखडलेला पुष्कळदा दिसतो, असे डॉक्टर विजयांचे म्हणणे आहे. धुळ्याची जुनी केसपत्रे मिळाली तर औषध सन १९६८चे आणि गाठ सन १९८९ची, हा क्रम कागदावर येतो आणि आजाराचा मूळ धागा कुष्ठरोगाखेरीज दुसरीकडे असल्याचे दाखवता येते. यंदाच्या मार्चमध्ये अर्जदाराने चिमाबाईस न विचारता डॉक्टरांना हे सांगितले. डॉक्टर रागावल्या नाहीत. सहाव्या रुग्णापुढे ‘औषध नाही’ असे आपण छापले आहे, ते आता दुरुस्त करावे लागेल, एवढेच म्हणाल्या आणि एप्रिलमध्ये त्यांनी दुरुस्तीचे पत्र नियतकालिकास पाठवले.

पण यात एक गोम आहे. त्या निबंधामुळे कारखान्याने घिसाई खात्यात रबरी मुठी देण्याचे आणि पाळीत विश्रांती ठेवण्याचे मान्य केले होते. कारभारीच्या तळहातात आता गाठ आली आहे. तो अर्जदाराकडे आला आणि उंबऱ्यापाशी बसून म्हणाला, “चिंधा, तू गोळीचं सांगितलंस तर ते म्हणतील, दगडाचा दोष नाही, गोळीचा आहे. मग माझा हात कुणी बघायचा?” जो माणूस सडका हात मांडीवर घेऊन त्याला मुंबईस घेऊन गेला, तो हे बोलत होता. कारभारी उठून गेला. तेव्हापासून त्याचे येणे नाही.

म्हणून येथे स्पष्ट नमूद करण्यात येते, की ही कबुली फक्त अर्जदाराच्या हातांपुरती आहे. उरलेल्या आठ जणांपैकी कोणीही अशी गोळी घेत नाही, याची डॉक्टरांनी पुन्हा खातरजमा केली आहे. अर्जदाराच्या हातातही दगडाचा वाटा नाही, असे त्या म्हणत नाहीत. कारखान्याने या अर्जाचा आधार घेऊन मुठी काढून घेऊ नयेत.

१३. एवढे सगळे आताच का, असे आपण विचाराल. गुड्डी सातवीत पहिली आली आहे. दूरच्या एका निवासी शाळेने तिला निवडले आहे. प्रवेशाच्या छापील नमुन्यात एक ओळ आहे: ‘कुटुंबात कोणास कुष्ठरोग आहे अगर होता काय?’ त्याखाली आपल्या कक्षाचा शिक्का लागतो. मुदत १० जून. गुड्डीने ती ओळ सोडून बाकी सर्व नमुना सुंदर अक्षरात भरून ठेवला आहे.

१४. सबब विनंती, की नोंद क्रमांक ११७वर लाल शाईने ‘हा रोग या इसमास कधीही झाला नव्हता’ असे लिहून आपली सही व्हावी. रकाना नसल्यास समासात जागा आहे. अर्जदाराने ती पाहिली आहे.

हे नियमात बसत नसेल, तर पर्यायी विनंती अशी. अर्जदाराचे नाव मयतच्या रकान्यात घालावे. मृत बापाच्या रोगाला मुलीच्या प्रवेशात अडसर मानत नाहीत, असे त्या शाळेकडून तोंडी कळले आहे. तसे झाल्यास अर्जदार सिल्वासा सोडून जाईल, येथे पुन्हा दिसणार नाही, शिधापत्रिकेवरचे नाव कमी करू देईल आणि जिवंत असल्याचा दावा कुठल्याही कार्यालयात करणार नाही. हे लिहून देण्यास तो तयार आहे. त्याने हे शांतपणे सांगितले. लिहिणारीने तीनदा विचारले, तीनदा तेच सांगितले.

या पर्यायी विनंतीवर पत्नीचाही अंगठा लागेल असे वाटून हा मजकूर चिमाबाईस वाचून दाखवला. ती भाकरी करीत होती. तिने पीठ लागलेला हात पदराला पुसला आणि शाईच्या डबीचे झाकण लावून टाकले. “हाऊ जित्ता माणूस शे,” म्हणाली. हा जिवंत माणूस आहे. अंगठा दिला नाही. अर्जदाराने हा परिच्छेद खोडू नये असे सांगितले आहे. चिमाबाईने तो तसाच पाठवू नये असे सांगितले आहे. दोघांचेही म्हणणे आपल्यासमोर ठेवले आहे. निर्णय १० जूनपूर्वी व्हावा.

आपला नम्र आणि आजमितीस हयात,

(डाव्या हाताचा अंगठा)
चिंधा झुंबर अहिरे

अर्ज लिहून देणार : अलका प्रभाकर भाटकर, प्राथमिक शिक्षिका

सोबत :
१. डॉक्टर विजया यांचे सप्टेंबर १९९१चे पत्र.
२. दोन्ही हातांचे तपासणी अहवाल.
३. संशोधन-निबंध, छायाचित्रासह, आणि एप्रिलच्या दुरुस्ती-पत्राची प्रत.
४. निवासी शाळेचा नमुना, एक ओळ कोरी.
५. अर्जदाराच्या दोन्ही तळहातांचे शाईचे ठसे, आज घेतलेले. उजव्यात बोटे चार. पुढे ओळख पटवताना उपयोगी पडावेत.